चारकोपची संसद

सुगंधाकाकूंनी बांगड्याच्या कालवणासाठी काढून ठेवलेला नारळ घाडीकाकांनी पिशवीत घातला आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

“माझो नारळ खंय नेतास?” काकूंनी आतून विचारलं.

“सभेक. नारळ नाय तर सभा कशी सुरू करतलंव?”

“आणि नारळ नाय तर कालवण कशान करू?”

घाडीकाका चपला घालून बाहेर पडले.

दशरथ घाडी मूळचे कणकवलीकडचे. गावात घाडी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा मानकरी. काम कुठलंही असो, हातात नारळ धरून देवाला हाक मारायची, मागणं मागायचं, वाटेतली विघ्नं दूर कर म्हणून सांगायचं, आणि दर वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणून दुजोरा द्यायचा. काकांचे वडील मुंबईला गिरणीत आले, मागोमाग काका तिथेच साच्यावर, म्हणजे मागावर लागले, पुढे गिरणीच बंद पडली. घाडीपण मात्र सुटलं नाही. चारकोपात बैठ्या घरांची वस्ती झाली तेव्हापासून इथे त्यांच्या गाऱ्हाण्याशिवाय पान हललेलं नाही. पाण्याची टाकी बसली, गाऱ्हाणं. केबल आली, गाऱ्हाणं. परबांचा जावई दुबईला निघाला तेव्हा तर टॅक्सी उभी ठेवून गाऱ्हाणं झालं आणि मीटर पडत राहिला.

त्या रविवारची सभा मात्र साधीसुधी नव्हती. ‘उपनगर सुशोभन मंडळ’ नावाच्या एका सरकारी मंडळानं वस्तीच्या मधोमध असलेल्या मैदानावर ‘लोकशाही स्मृतिवन’ करायचं ठरवलं होतं. मध्ये दिल्लीच्या संसद भवनाची छोटी प्रतिकृती, भोवती स्मारकाचे खांब, दिवे, आणि उरलेल्या सगळ्या जागेत हिरवळ. प्रत्येकाला काही दिल्लीला जाता येत नाही, म्हणून दिल्लीच चारकोपला आणायची, असा त्यामागचा उदात्त हेतू होता. पैसा जनतेचा, त्यामुळे जनतेला विचारणं भाग होतं.

जनतेला ते नको होतं. मैदान म्हणजे नुसती माती, हे खरं. पण ती कसली माती होती, ते मंडळाला काय माहीत. गिरणी बंद पडली त्या वर्षी शिमग्याला गावी जाण्याची ऐपत कुणाचीच राहिली नव्हती. घाडीकाका तेव्हा ऐन पस्तिशीत होते. ते चारजणांना घेऊन होडीनं खाडीपलीकडे गोराईला गेले, एका ओळखीच्या घरून वाऱ्यानं पडलेल्या माडाचं खोड मागून आणलं आणि मैदानाच्या मधोमध खड्डा खणून होळी उभी केली. ढोल वाजला, बोंबा झाल्या, आणि नोकरी गेल्यापासून एकमेकांची नजर चुकवणारे बापये गळ्यात पडून रडले. त्यानंतर दरवर्षी होळी त्याच खड्ड्यात. पुढे पोरं कमावती झाली, कोकण रेल्वे आली, तरी कित्येकजण शिमग्याला गावी जाईनासे झाले. गाव इथेच उभं राहिलं होतं.

होळी झाली की तिच्याभोवती रोवलेले बांबू शिवदास वानखडे नेत. वानखडे अकोल्याकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घाडीकाकांचे शेजारी आणि जिगरी दोस्त. त्या बांबूंवर एप्रिलात भीमजयंतीचा मांडव उभा राही, मग मे महिन्यात कुणाच्या तरी लग्नाचा. बांबू मुळात कुणाचे, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. त्याच मैदानात पोरांनी क्रिकेट खेळताना वानखड्यांची काच फोडली, त्याच मैदानात वस्तीतला पहिला रंगीत टीव्ही टेबलावर ठेवून सगळ्यांनी बघितला. आता तिथे हिरवळ येणार आणि होळीच्या खड्ड्यावर संसद बसणार. आपल्या हयातीत होळीची जागा गेली तर वर जाऊन वडिलांना काय तोंड दाखवायचं, या विचारानं काकांची झोप उडाली होती.

“दशरथा, आज बोलणार मी,” वानखडे मैदानात भेटताच म्हणाले. त्यांनी आक्षेपाचे मुद्दे काढून आणले होते. “तू फक्त नारळ फोड आणि बस.”

“गाऱ्हाणा घालू नको?”

“घाल, पण थोडक्यात. लोकांना नंतर आक्षेप घ्यायचाय. त्यांचा घसा शाबूत ठेव.”

काकांनी डोळे मिटले आणि नारळ छातीशी धरला. “बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय सभा भरवली हा, ती नीटपणान पार पाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाच्या मनात काय वाकडा असात, ता सरळ कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ह्या मैदानार कोणाची नजर पडली असात, तर ती उचलून खाडीपलीकडे टाक रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा आवाज शेजारच्या सेक्टरापर्यंत गेला.

थोडक्यात म्हणता म्हणता काकांनी सगळी दैवतं, दाही दिशा आणि वस्तीतले सगळे आजारी घेतले. लोक चांगले तापले. मग मंडळाचे इंजिनियर देवेश भामरे उठले. हे मूळचे धुळ्याकडचे, दहिसरच्या एका नव्या टॉवरात राहणारे, नोकरीत कोवळे. गाऱ्हाणं हा प्रकार त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. लोकांचा उत्साह बघून त्यांना भरून आलं. माइकची वायर पुढे पोचत नव्हती, म्हणून काका उभे होते तिथेच ते उभे राहिले, हातात कागद धरला आणि सरकारी मराठीत, शब्दावर शब्द ठेवत, शेवटी आवाज खाली सोडत वाचू लागले.

“मौजे चारकोप येथील मैदानाच्या मध्यभागी संसद भवनाची प्रतिकृती उभारण्यात यावी.” एवढं बोलून ते श्वास घ्यायला थांबले.

“व्हय म्हाराजा,” सभा म्हणाली.

या लोकांना मूर्ख समजण्याचं कारण नाही. वर्षानुवर्षं एका ठिकाणी एक माणूस उभा राहतो, काहीतरी करावं अशी मागणी करतो, आवाज खाली सोडतो आणि थांबतो. तो थांबला की तोंड आपोआप उघडतं. मध्ये डोक्याचं काही काम नसतं. आणि ताज्या ताज्या गाऱ्हाण्यानंतर तर ते यंत्र गरमच होतं.

“थँक यू,” देवेश म्हणाले. “प्रतिकृती जुन्या संसद भवनाप्रमाणे गोलाकार असावी.”

“व्हय म्हाराजा.”

“अथवा नव्या संसद भवनाप्रमाणे त्रिकोणी असावी.”

“व्हय म्हाराजा.”

देवेश क्षणभर गोंधळले. सभेचं इतिवृत्त लिहायला मंडळाची जान्हवी शेजारी बसली होती. तिनं वर पाहिलं. “सर, दोन्ही मंजूर झालंय.”

“मग दोन्ही लिही.”

स्मारकाचे चार खांब असावेत, व्हय म्हाराजा. खांब कुणाच्या स्मरणार्थ ते मागाहून ठरवावं, व्हय म्हाराजा. हिरवळ परराज्यातून मागवावी, व्हय म्हाराजा. हिरवळीवर नागरिकांस प्रवेश नसावा, या मागणीला सगळ्यात खणखणीत दुजोरा खुद्द घाडीकाकांनी दिला. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. वानखड्यांनी कोपर मारलं तेव्हा ते उघडले.

वानखडे हात वर करून उभे राहिले. रागानं त्यांचा आवाज जड झाला होता आणि नेमका त्यामुळेच तो गाऱ्हाण्यासारखा लागला. “माझा आक्षेप आहे. सार्वजनिक पैसा हा विचार करून खर्च झाला पाहिजे.”

“व्हय म्हाराजा.”

“अरे, गप्प बसा रे. जिथे पिण्याचं पाणी अर्धा तास येतं, तिथे गवताला पाणी कुठून आणणार, हे आधी सांगितलं पाहिजे.”

“व्हय म्हाराजा.”

“तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?” वानखड्यांनी वळून विचारलं. यावर मात्र सभा गप्प राहिली, कारण हे मागणं नव्हतं. जान्हवीनं लिहिलं: एका ज्येष्ठ नागरिकानं सार्वजनिक पैशाविषयी आस्था व्यक्त केली, सभेनं अनुमोदन दिलं. प्रस्ताव एकमतानं मंजूर.

मंडळाची गाडी निघून गेली तेव्हा कुठे लोकांना काय झालं ते कळलं. “वाट लावलीत,” वानखडे म्हणाले. “शत्रूलासुद्धा जमलं नसतं.”

“अरे, पण तो वाक्याच तसा संपवी होतो,” काका काकुळतीला आले. “माझा तोंड आपसूक उघडला.”

घरी त्या दिवशी कालवण नारळाशिवायच झालं होतं. काकूंनी ते वाढलं आणि काकांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

सुदैवानं एक सोय होती. महिन्याभरात रहिवाशांनी अर्ज केला तर मंडळाला दुसरी सभा घ्यावी लागे. वानखड्यांनी टेलिफोन खात्यातली सगळी भाषा खर्ची घालून अर्ज लिहिला आणि मंडळाकडून तारीख मिळवली. तयारीला लागले ते घाडीकाका. पाप आपल्या तोंडून झालंय, तेव्हा ते फेडायचंही आपणच, असं त्यांनी मनाशी घेतलं. रोज संध्याकाळी चौकात माणसं गोळा करून तालीम सुरू झाली. वानखडे काहीही वाचून दाखवत आणि बाकीच्यांनी नाय म्हणायचं.

“आज सोमवार आहे.”

“नाय.”

“सूर्य पूर्वेला उगवतो.”

“नाय म्हाराजा.”

“म्हाराजा राहू दे. नुसतं नाय.”

“म्हाराजा नसलो तर जोर येणा नाय,” काकांनी अडचण सांगितली, तेव्हा तेवढी सवलत मिळाली. आठवड्यात माणसं अशी तयार झाली की परबांना बायकोनं चहा विचारला तर ते ठणकावून नाय म्हणाले आणि तसेच बसून राहिले. नळवाल्यानं पाणी आलं का विचारलं, वस्तीनं नाय सांगितलं, तो बिचारा व्हॉल्व्ह तपासत फिरला.

दुसऱ्या सभेला नारळ नव्हता. काका पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून बसले होते. देवेश भामरे उठले, त्यांनी घसा साफ केला आणि अर्ज वाचला. “मागील सभेत मंजूर झालेला आराखडा रद्द करण्यात यावा, अशी विनंती शिवदास वानखडे यांनी केली आहे. ती सभेस मान्य आहे काय?”

“नाय म्हाराजा,” सभा गरजली. झाडावरचे कावळे उडाले.

देवेशच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्यांनी केलेल्या कुठल्याच कामाला लोकांनी इतकं उचलून धरलं नव्हतं. ते खाली उतरले आणि वानखड्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “काका, वाईट वाटून घेऊ नका. लोकशाहीत एखाद्याला एकटं पडावं लागतं.”

वानखडे पुढे कितीतरी दिवस घाडीकाकांशी बोलले नाहीत. बोलायला लागले ते संसद उभी राहिल्यावर, कारण ती बघून दोघांनाही हसू आवरेना. मंडळानं ठरावाचा मान राखला होता. संसद बाहेरून त्रिकोणी होती आणि आतून गोल. तीन कोपऱ्यांत ज्या मोकळ्या फटी राहिल्या त्यांत कबुतरांनी ताबडतोब बिऱ्हाडं केली. आत पायऱ्यापायऱ्यांची दगडी बाकं, वर छप्पर, चारी बाजूंनी वारा, आणि फाटकापासून तिथवर हिरवळीतून जाणारी फरसबंद वाट. बाहेर स्मारकाचे चार खांब कोरे उभे होते, कारण कुणाची नावं द्यायची यावर मंडळात एकमत होत नव्हतं. तिथे काही व्हय म्हाराजा नव्हतं. परराज्यातली हिरवळ ट्रकमधून गुंडाळ्या करून आली, अंथरली गेली, आणि तिच्याकडे बघून पाण्याच्या हंड्यांची रांग खिन्न होऊ लागली.

शिमगा आला. हिरवळीवर पाय ठेवायची सोय नव्हती. मंडळाकडे विनवण्या केल्यावर ‘प्रतीकात्मक होळी’ची परवानगी मिळाली. लोखंडी घमेल्यात चार लाकडं ठेवून, फाटकाबाहेरच्या फुटपाथवर, पहारेकऱ्याच्या देखत ती पेटली. ढोलवाल्यानं दोन थापा मारल्या आणि थांबला. गाऱ्हाणं घालायला काका उभे राहिले, पण घमेल्याकडे बघून त्यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. माडाचं ते पहिलं खोड त्यांना आठवलं, खांद्यावर घेऊन होडीत चढवताना झालेली ओढाताण, होडीवाल्याच्या शिव्या, तेव्हाचे ते सगळे तरणे चेहरे. त्यातले निम्मे आता नव्हते. काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि लोकांना वाटलं, धूर गेला.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की या संसदेत मेलो तरी पाय ठेवणार नाही. आणि ठेवला नाही. संध्याकाळ झाली की ते मैदानाकडे पाठ करून उंबऱ्यावर बसत. सुगंधाकाकू पिशवी घेऊन बाहेर पडत आणि अंधार पडता पडता परत येत. भाजी आणायला इतका वेळ लागतो, असं काकांना वाटे. काकू हल्ली खुशीत असत, तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा जेवताना त्यांनी मीठ कमी पडल्याचं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “तुमचो मुद्दो बरोबर असा, पण वेळ चुकली.” असलं बोलणं त्या कुठून शिकल्या, हे काही काकांनी विचारलं नाही.

मग वारं फिरलं. स्मारकं, पुतळे आणि उद्यानं यांवर मंडळानं जागोजाग केलेल्या खर्चाची बोंब झाली, मंडळावर नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी अनावश्यक वास्तू हटवण्याचा हुकूम काढला. संसद पाडायला जवळजवळ बांधण्याइतकाच खर्च येणार होता, पण तो काटकसरीच्या खात्यातून व्हायचा होता, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. पाडून झाल्यावर तिथे ‘पारंपरिक मृदा प्रांगण’ करायचं होतं. म्हणजे मैदान. त्यासाठी माती बाहेरून मागवायची होती. पुन्हा रहिवाशांची सभा ठरली.

वानखडे ही बातमी घेऊन धावत आले. “दशरथा, सुटलो. या वेळी नारळ नाही, तालीम नाही, काही नाही. फक्त व्हय म्हणायचं. आयुष्यभर तेच करत आलायस.”

काका घरात शिरले ते तरुण होऊनच. “आयकलंस काय गो? मैदान परत गावता हा.”

काकू तांदूळ निवडत होत्या. “बरा झाला,” त्या म्हणाल्या. आवाजात बरं काही नव्हतं.

“असा कित्या बोलतंस? होळी परत आपल्या जाग्यार येतली.”

“येयत. माका एक सांगा. गोराईसून माड आणलास ती पयली होळी. तेव्हा मी खंय होतंय?”

काका हसले. “खंय म्हणजे? हयच. मैदानात. सगळीच होती.”

“मैदानात नाय. वानखड्यांच्या शकूच्या दाराकडे. पुरणाचो टोप उतरवन इलंय, तोपर्यंत होळी पेटलली. लांबसून धूर बघलंय. दुसऱ्या वर्साक पण थंयच उभी होतंय. त्याच्या मगे पण. बायकांका मैदानात बसलली तुमी कधी बघलास?”

काका आठवू लागले. आठवणी त्यांच्याकडे रग्गड होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्या हाताळून गुळगुळीत केल्या होत्या. ढोल वाजवणारे परब दिसले. बांबू मोजणारे वानखडे दिसले. टीव्हीपुढे मांडी घालून बसलेली पोरं दिसली. सुगंधा काही दिसेना. अगदी नेटानं शोधल्यावर ती एका दारात दिसली, हातात पोळ्यांचं ताट, घाईत.

“रोज सांजची मी संसदेत जातंय,” काकू तांदळांकडे बघत म्हणाल्या. “मी, शकू, परबांची विमला, सगळ्यो. वारो येता. पाय सोडून बसूक गावता. ह्या वयात माका बसूक जागा गावली, ता तुमी मोडतलास.”

“भाजी आणूक जातंस ना?”

“भाजी कोपऱ्यार गावता. तेका इतको वेळ लागता?”

काकांना रात्रीचं जेवण गेलं नाही. स्वतःची लाज वाटली, मग काकूंचा राग आला, मग पुन्हा लाज वाटली. होळीची जागा डोळ्यांसमोर होती आणि ती परत मिळत होती. एवढ्या वर्षांत मागितलेलं पहिल्यांदा देवानं हातावर आणून ठेवलं होतं. नको म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं.

तिसरी सभा स्मृतिवनाच्या फाटकाशी भरली. पुरुष खुर्च्यांवर होते. बायका फाटकाच्या आत, संसदेच्या दारापुढच्या पायऱ्यांवर होत्या आणि तिथून खाली उतरायला त्यांनी नकार दिला होता. देवेश भामरे आता शहाणे झाले होते. “मी सरळ सांगतो,” ते म्हणाले. “हो म्हणालात तर संसद जाणार आणि मैदान येणार. नाही म्हणालात तर आहे ते राहणार. कुणाला काही शंका? नाही ना? मग घाडीकाका, तुम्ही सगळ्यात ज्येष्ठ. तुम्हीच आधी सांगा.”

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. वानखडे कानाशी लागले, “व्हय. एवढंच.”

काका उठले. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. सुगंधाकाकू वरच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय सोडून, आणि त्यांच्याकडे बघत नव्हत्या. शकूला काहीतरी समजावून सांगत होत्या. जन्मात पहिल्यांदाच काकांना त्या मैदानात दिसल्या.

“नाय म्हाराजा,” काका म्हणाले.

वानखडे खुर्चीत मागे कलंडले. देवेशनं चष्मा काढून पुसला. “काका, नक्की ना? मागच्या वेळी काहीतरी उलटसुलट झालं होतं, असं मला नंतर कळलं.”

“आता सुलट हा. लिवा तुमी.”

काकांनी नाय म्हटलं म्हटल्यावर त्यांच्या मागून बाकीच्यांनीही नायच म्हटलं. जान्हवीनं लिहिलं. मंडळाचा काटकसरीचा मोठा खर्च त्या एका शब्दानं वाचला, पण त्याची नोंद कुठे झाली नाही. माणसं पांगू लागली. काका आयुष्यात पहिल्यांदा फाटकातून आत आले आणि पायऱ्यांखाली उभे राहिले.

“होळी गेली माझी,” ते काकूंना म्हणाले. त्यात तक्रार होती आणि थोडी शाबासकीची अपेक्षाही होती.

“कित्या जायत?” काकू म्हणाल्या. “फाटकाकडची हिरवळ करपली, ती काय परत येवची नाय. थंय खड्डो मारूचो आणि होळी घालूची. त्या भामऱ्याक आमी इचारलंव. तेची हरकत नाय.”

काका बघतच राहिले. “ह्या कधी ठरला?”

“गेल्या मंगळवारी,” शकू म्हणाली. “ठराव पास झाला, भाऊ. आणि पुरणपोळ्या यंदा पुरुषांनी लाटायच्या, हा पण पास झाला. यांना घरी सांगितलं नाही मी अजून. तुम्हीच सांगा.”

“पण आमका कोणी इचारूक नाय.”

“सभा रोज सांजची असता,” काकू म्हणाल्या. “दार उघडा असता. तुमी येवक नाय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आणि वानखडे संसदेत गेले. आत बाकं भरलेली होती. पुरणाला गूळ कुठून आणायचा यावर चर्चा रंगली होती आणि परबांची विमला बोलायला उभी होती. सुगंधाकाकूंनी दोघांना पाहिलं, मान हलवली, आणि त्यांचं लक्ष पुन्हा विमलाकडे गेलं. सरकून जागा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. वानखडे थोडा वेळ थांबले आणि गुडघे दुखतात म्हणून घरी गेले. गुडघे काकांचेही दुखत होते. ते दाराशी उभे राहिले, भिंतीला हात टेकून, सभा संपेपर्यंत.